कॅनडात उतरल्यावर सरकार काय देतं, आणि कशाच्या आधारावर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पुण्याहून ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला यायचं ठरलंय. चौघांच्या पीआरचे, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचे, कागद हातात आहेत. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, वहिनी नर्स, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. ग्रुपवर कुणीतरी सांगितलंय की सरकार सुरुवातीला दरमहा घर चालेल एवढे पैसे देतं, तेव्हा फार रक्कम आणायची गरज नाही. तुमचा बेत असा, की आत्ता पंधरा दिवस येऊन लँडिंग (पीआर म्हणून देशात पहिला प्रवेश) करायचं, सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा ओळख क्रमांक), हेल्थ कार्ड आणि मुलांच्या भत्त्याचा अर्ज असं सगळं उरकून परत जायचं आणि मुलीचं शाळेचं वर्ष संपल्यावर कायमचं यायचं. आणि आईला सोबत आणलं तर तिला काय मिळेल, हेही विचारलंय.

मी पील भागात, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्यात येतं तिथे, सेटलमेंट वर्कर आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांचे फॉर्म, शाळा, नोकरी यांतच माझा दिवस जातो, त्यामुळे ऑन्टारिओचं खात्रीने सांगू शकते. दुसऱ्या प्रांतात गेलात तर आरोग्य आणि डेकेअरचे नियम बदलतात, तेवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे रेशन कार्डावर नाव चढलं की धान्याचा हक्क लागू होतो, तसं पीआर कार्ड हातात आलं की सगळं सुरू होतं असा समज घेऊन बरेच जण येतात. पीआर कार्ड फक्त तुम्हाला इथे राहण्याचा अधिकार आहे एवढं सांगतं. पैसे आणि सेवा बहुतांशी दोन गोष्टींवर ठरतात: तुम्ही खरोखर इथे राहताय का, आणि तुमचं घरातलं एकूण उत्पन्न किती, जे इथल्या सरकारला टॅक्स रिटर्नमधून कळतं. तुमच्या पंधरा दिवसांच्या बेतात पहिलीच अट पुरी होत नाही.

आधी त्या दरमहा मिळणाऱ्या पैशांबद्दल. ही अफवा जुनी आहे आणि तिला खरेपणाचा थोडा आधारही आहे. सरकारने बाहेरून निवडून आणलेल्या निर्वासितांना रिसेटलमेंट असिस्टन्स नावाच्या योजनेतून साधारण पहिलं वर्षभर मदत मिळते, कारण ती माणसं छावण्यांतून, अंगावरच्या कपड्यांनिशी येतात. तुम्ही एक्सप्रेस एन्ट्रीतून कुशल कामगार म्हणून येताय. तुमच्याकडून बँकेचे कागद मागितले ना? जुलै २०२५ पासून चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. सरकार सुरुवातीला घर चालवून देणार असतं तर ही रक्कम मागितलीच नसती. ती व्हिसासाठी दाखवून काकांना परत करायची रक्कम समजू नका. पहिले तीन-चार महिने तुम्ही तिच्यावरच जगणार आहात. ब्रॅम्प्टनमध्ये घर घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं. नोकरीची पत्रं आणि इथली क्रेडिट हिस्टरी नसताना काही घरमालक आणखी काही महिन्यांचं आगाऊ मागतात. त्यात गाडीचा इन्शुरन्स या भागात प्रांतातल्या सर्वांत महागांपैकी. जमेल तितके जास्त आणा.

आता जे खरोखर मिळतं त्याकडे येऊ. मुलं असलेल्या कुटुंबासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिट. पीआर असलेल्यांना त्यासाठी थांबावं लागत नाही. स्टडी किंवा वर्क परमिटवर आलेल्यांना मात्र सलग १८ महिने इथे राहिल्यावरच अर्ज करता येतो. तुमच्या ओळखीत कुणी 'आम्हाला तर दीड वर्ष काही मिळालं नाही' म्हणत असेल तर बहुधा ते परमिटवर आलेले असतात. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वर्षांच्या मुलामागे ६,७४८ डॉलर. ही पूर्ण रक्कम कुटुंबाचं वार्षिक निव्वळ उत्पन्न ३७,४८७ डॉलरपर्यंत असेल तर. त्यापुढे ती हळूहळू घटते. पैसे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास खात्यात येतात आणि त्यावर कर लागत नाही.

तुमचं उदाहरण घेऊन गणित मांडते. समजा तुम्हा दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला २७ लाख रुपये. एक डॉलर साठ रुपयांना धरला तर ते ४५,००० डॉलर होतात. मर्यादेपेक्षा ७,५१३ जास्त. दोन मुलांच्या कुटुंबात या जास्तीच्या रकमेच्या १३.५ टक्के कापले जातात, म्हणजे सुमारे १,०१४ डॉलर. दोन्ही मुलांचे मिळून १४,७४५ असतात, त्यातून हे वजा करा: वर्षाला १३,७३१, महिन्याला साधारण १,१४४ डॉलर. पुण्यात बसून हा आकडा पाहिला की ग्रुपवरची गोष्ट खरी वाटायला लागते, कबूल. पण तो कुठून आला ते बघा. तो तुमच्या रुपयातल्या पगारावर काढलाय, आणि रुपयातला चांगला पगार डॉलरमध्ये मध्यमच दिसतो.

दरवर्षी जुलैमध्ये हे गणित आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर नव्याने मांडलं जातं. २०२६ च्या वसंतात आलात तर जूनपर्यंतची रक्कम तुमच्या २०२४ च्या उत्पन्नावर ठरेल, जुलै २०२६ पासून २०२५ च्या, आणि जुलै २०२७ पासून २०२६ च्या, ज्यात अर्धं पुणे आणि अर्धं ब्रॅम्प्टन असेल. पुढे दोघंही नीट नोकरीला लागलात आणि घरातलं उत्पन्न १,१०,००० डॉलरवर गेलं, तर आजच्या दरांनी हाच भत्ता महिन्याला ६०० डॉलरच्या आसपास येतो. मी अशी घरं पाहिली आहेत ज्यांनी पहिल्या वर्षीच्या रकमेच्या भरवशावर गाडीचा हप्ता बांधला आणि दुसऱ्या-तिसऱ्या जुलैत त्यांची तारांबळ उडाली. माझा सल्ला असा, की ही रक्कम मुलांच्या कपड्यांना आणि शनिवारच्या पोहण्याच्या क्लासला ठेवा. भाड्याच्या हिशेबात धरू नका.

अर्जाचा फॉर्म आरसी६६, आणि नव्याने आलेल्यांनी त्याला एक जोडपत्र लावायचं असतं ज्यात देशात आल्याची तारीख आणि येण्यापूर्वीचं जगभरातलं उत्पन्न लिहावं लागतं. 'जगभरातलं' हा शब्द शब्दशः घ्या. फॉर्म १६ वरचा पगार, एफडीचं व्याज, औंधच्या फ्लॅटचं भाडं, सगळं. आई मुलांसोबत राहत असेल तर अर्ज सहसा तिच्याच नावाने घेतात, तेव्हा तो वहिनींच्या नावाने भरा. याच अर्जातून दर तीन महिन्यांनी येणारं जीएसटी क्रेडिट (उत्पन्न पाहून दिली जाणारी छोटी रक्कम) आणि ऑन्टारिओचा मुलांचा छोटा भत्ताही तपासला जातो, त्यासाठी वेगळी धावपळ नको. पहिला हप्ता यायला काही आठवडे जातात. उशीर झाला म्हणून पैसे बुडत नाहीत, पात्र झाल्यापासूनची मागची रक्कम मिळते. फॉर्म भरून द्यायला दोनशे-तीनशे डॉलर मागणारे लोक प्लाझांमधून बसलेले आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका, आमच्यासारखी केंद्रं हेच काम फुकट करतात.

आता तुमचा पंधरा दिवसांचा बेत. त्यातली लँडिंगची कल्पना चुकीची नाही. कागदांवरची मुदत संपत आली असेल तर एकदा येऊन जाणं भागच असतं, आणि पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहिलात की पीआर टिकतं, तेव्हा सहा महिने परत गेल्याने ते धोक्यात येत नाही. त्या फेरीत सिन नंबर घ्या, फुकट मिळतो. एखाद्या विश्वासू माणसाचा इथला पत्ता देऊन ठेवा, म्हणजे पीआर कार्ड तिथे येईल. ते कार्ड हातात नसताना विमानाने परत यायचं तर भारतातून वेगळं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं, त्यात वेळ आणि मनस्ताप दोन्ही जातात. तेव्हा कार्ड तुमच्यापर्यंत कुरिअरने कसं पोचेल याची सोय आधीच लावा.

सोन्याचं विसरू नका. नंतर आणणार असलेल्या सामानाची यादी पहिल्याच लँडिंगला विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला द्यायची असते. मंगळसूत्र, पाटल्या, जे काही असेल ते फोटो आणि सोनाराच्या किमतीच्या दाखल्यासह त्या यादीत लिहा. पुढच्या वेळी तेच दागिने आणताना ड्यूटीचा प्रश्न येत नाही. रोख किंवा तत्सम १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त सोबत असेल तर तेही सांगायचं असतं. सांगितल्यावर काही कर लागत नाही, पण लपवलं तर जप्त होऊ शकतं.

पण त्या पंधरा दिवसांत चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करू नका, आणि हेल्थ कार्डही काढू नका. भत्ता ज्याला मिळतो तो करासाठी कॅनडाचा रहिवासी असावा लागतो. घर इथे आहे का, नवराबायको आणि मुलं इथे आहेत का, हे मुख्य धागे. बँक खातं आणि लायसन्स हे दुय्यम. पुण्यात घर, पुण्यात शाळा, पुण्यात नोकरी असताना तुम्ही रहिवासी ठरत नाही, मग खिशात किती का कार्डं असोत. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी (सीआरए), म्हणजे इथलं इन्कम टॅक्स खातं, भत्ता सुरू झाल्यावर मधूनच चौकशीचं पत्र पाठवतं: भाडेकरार दाखवा, मुलं शाळेत येतात असं शाळेचं पत्र आणा, डॉक्टरचा कागद आणा. पुणेकर मुलांसाठी हे कागद तुम्ही कुठून आणणार? मग घेतलेली रक्कम परत, आणि वर तुमच्या नावापुढे खोटी माहिती दिल्याची नोंद. ती नोंद त्या हजार-बाराशे डॉलरपेक्षा महाग पडते.

याच बेताची दुसरी एक आवृत्ती आपल्या लोकांत फार चालते. बायकोमुलं इथे ठेवायची आणि नवऱ्याने पुण्यातली नोकरी चालू ठेवायची. बेकायदेशीर यात काही नाही. मात्र तुमचं उत्पन्न त्यामुळे हिशेबातून सुटत नाही. नवरा रहिवासी नसला तरी त्याचं उत्पन्न वेगळ्या फॉर्मवर दरवर्षी कळवावं लागतं आणि भत्ता दोघांच्या बेरजेवरच ठरतो. शिवाय बायको, मुलं आणि घर इथे असेल तर तुम्ही स्वतःही कॅनडाचे रहिवासी धरले जाण्याची दाट शक्यता असते, आणि मग पुण्याच्या पगारावर इथेही रिटर्न भरायचं. भारत-कॅनडा करारामुळे दोनदा पूर्ण कर बसत नाही, पण कागदपत्रं दुप्पट होतात. या वाटेने जाणार असाल तर निघण्यापूर्वी दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएशी बोला. माझं काम फॉर्मपर्यंतच.

रिटर्नवरून दोन-तीन गोष्टी आठवल्या ज्या भारतात सवयीने विसरल्या जातात. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे, कॅनडात नाही. एनआरई ठेवीचं व्याजही तसंच. गावाकडच्या शेतीचं उत्पन्न भारतात माफ, इथे दाखवावं लागतं. भारतातल्या गुंतवणुकीची, भाड्याने दिलेल्या फ्लॅटसह, किंमत (तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने) एक लाख डॉलरच्या वर असेल तर टी११३५ नावाचा माहितीचा फॉर्म भरायचा असतो, पण रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी त्यातून सूट असते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या वर्षी एक डॉलरही कमावला नाही तरी दोघांनीही रिटर्न भरा, ३० एप्रिलच्या आत. रिटर्न नाही भरलं तर जुलैमध्ये सीआरएकडे नव्या वर्षाचं गणित मांडायला आकडेच नसतात आणि भत्ता थांबतो. माझ्याकडे 'पैसे अचानक बंद झाले' म्हणून येणाऱ्या घरांत हे कारण सर्रास सापडतं. उत्पन्न कमी असेल तर मार्च-एप्रिलमध्ये लायब्ररी आणि कम्युनिटी सेंटरमध्ये स्वयंसेवक फुकट रिटर्न भरून देतात. आणि सीआरएच्या नावाने फोन करून कुणी गिफ्ट कार्ड मागितलं तर फोन ठेवून द्या.

आरोग्याचं मात्र ऑन्टारिओत चांगलं आहे. पूर्वी नव्याने आलेल्यांना ओहिपसाठी, म्हणजे हेल्थ कार्डावर मिळणाऱ्या प्रांताच्या आरोग्य विम्यासाठी, तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२० पासून ती अट काढून टाकली. कायमचे आलात की पासपोर्ट, पीआरचा कागद आणि पत्त्याचा पुरावा घेऊन सर्व्हिसऑन्टारिओच्या कार्यालयात जा. ब्रिटिश कोलंबियात अजूनही आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेव्हा व्हँकुव्हरच्या मित्राचा अनुभव तुमच्यावर लावू नका. ओहिपची अट अशी की आल्यानंतरच्या पहिल्या १८३ दिवसांतले किमान १५३ दिवस तुम्ही प्रांतात असायला हवं. म्हणूनच वर म्हटलं की पंधरा दिवसांच्या फेरीत ते काढू नका, त्या फेरीपुरता प्रवासाचा विमा घ्या.

डॉक्टर आणि हॉस्पिटल ओहिपमध्ये येतात. मोठ्यांची औषधं, दात आणि चष्मा येत नाहीत. चोवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना, घरात खासगी विमा नसेल तर, यादीतली औषधं मोफत मिळतात, आणि त्यांचे डोळेही एकोणीस वर्षांपर्यंत वर्षातून एकदा तपासून मिळतात. केंद्र सरकारची दंतयोजना आता सगळ्या वयांना खुली आहे, पण तिच्यासाठी आदल्या वर्षाचं कॅनडाचं रिटर्न भरलेलं असावं लागतं आणि कुटुंबाचं उत्पन्न ९०,००० डॉलरच्या आत. त्यामुळे नव्या माणसाला पहिल्या दिवसांत ती नाहीच. निघण्यापूर्वी चौघांचे दात दाखवून या, रूट कॅनाल असेल तर तिथेच उरका, आणि चष्म्याचे दोन-दोन जोड करून आणा.

शाळेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तुमच्या घराला सगळ्यात मोठी मदत तिथेच आहे. ऑन्टारिओत चार वर्षांच्या मुलासाठी ज्युनिअर किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं आणि मोफत असतं. ज्या वर्षात मूल चारचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याला प्रवेश. त्याहून लहान मुलांना बहुतेक परवानाधारक डेकेअरमध्ये जानेवारी २०२५ पासून दिवसाला २२ डॉलरची कमाल मर्यादा आहे, पण जागा मिळायला लांब रांग असते. तुमचा मुलगा थेट शाळेत जाणार म्हणजे ही रांग तुमच्या वाट्याला येत नाही. लागेल ते शाळेच्या आधीचं आणि नंतरचं सांभाळणं, त्याची फी वेगळी. उत्पन्न कमी असेल तर त्यासाठी पील रीजनकडे सबसिडीचा अर्ज करता येतो.

मुलीसाठी पील डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाची 'वी वेलकम द वर्ल्ड' केंद्रं आहेत. तिथे नव्या मुलांचं इंग्रजी आणि गणित पाहतात, आईवडिलांना शाळेची पद्धत समजावतात. ही परीक्षा नसते, कुणी नापास होत नाही, तेव्हा तिला रात्रभर जागवून पाढे घोकवू नका. लसीकरणाची फाइल मात्र नीट आणा. इथे शाळेसाठी कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल या लसींच्याही नोंदी मागतात. भारतात त्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे दिलेल्या असतात आणि नोंद कुठल्या तरी पिवळ्या कार्डावर राहते. डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह, शिक्का मारून एक कागद घ्या.

वहिनींच्या बाबतीत पैशांपेक्षा सेवांचा उपयोग जास्त होईल. पीआर असलेल्यांना केंद्र सरकारच्या खर्चाने भाषेचे वर्ग, रेझ्युमेची मदत, मुलाखतीची तयारी आणि क्षेत्रानुसार मार्गदर्शन फुकट मिळतं. ही सोय सिटिझन झालात की बंद होते. नर्सिंगसाठी कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टारिओकडे नोंदणी लागते. त्या वाटेवर हात धरायला 'केअर सेंटर फॉर इंटरनॅशनली एज्युकेटेड नर्सेस' ही संस्था आहे. पुण्याच्या कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं पडताळणीपत्र निघायला लागणारा वेळ धरून आजच अर्ज टाका. इथून पाठपुरावा करणं फार अवघड जातं. तुमच्यासाठी बातमी बरी आहे: प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारिओने मे २०२३ मध्ये लायसन्ससाठीची कॅनडातल्या अनुभवाची सक्ती काढून टाकली. नोकरी देणारे अजूनही तो अनुभव विचारतात, ते वेगळं. आणि बऱ्याच इंजिनिअरिंग नोकऱ्यांना लायसन्स लागतच नाही, तेव्हा त्याची वाट बघत घरी बसू नका.

नोकरी नाही मिळाली तर बेकारी भत्ता मिळतो का? तो एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स आहे, म्हणजे पगारातून हप्ते कापले गेले असतील तरच. विभागातल्या बेकारीनुसार ४२० ते ७०० तास काम झालेलं असावं लागतं, आणि नोकरी स्वतःहून सोडली असेल तर सहसा मिळत नाही. पुण्यातले तास चालत नाहीत. अगदीच काही नसेल तर ऑन्टारिओ वर्क्स नावाची शेवटच्या आधाराची मदत आहे. एकट्या माणसाला महिन्याला कमाल ७३३ डॉलर, जे इथे एका खोलीच्या भाड्यातच संपतात. जोडप्याकडे १५,००० डॉलरहून जास्त मालमत्ता असेल तर अर्ज नामंजूर होतो. तुम्ही आणलेली रक्कम शिल्लक असेपर्यंत तो दरवाजा तुमच्यासाठी बंदच समजा. तो बंद राहिलेला बरा, कारण ती मदत चालू असताना, अपंगत्वाचं कारण सोडलं तर, कुणाला स्पॉन्सर करता, म्हणजे नातेवाइकाला पीआरवर इथे बोलावता, येत नाही. चाइल्ड बेनिफिटला हा नियम लागत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 'सरकारी पैसे घेतलेत तर सिटिझनशिप अडेल' अशी भीती घातली असेल तर ती इथे आणू नका. भत्ता हक्काने घ्या.

आता आई. तुमच्या पीआरच्या अर्जात आईवडील धरता येत नाहीत, त्यामुळे त्या सोबत येतील त्या पाहुण्या म्हणूनच. साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने राहता येतं. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत, पण त्यासाठी तुमचं इथलं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं आणि आईंचा किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. नोकरीला लागल्यानंतरच हे जमतं. दोन्ही व्हिसांवर ओहिप नाही, पेन्शन नाही, काहीच नाही. आईंना बीपी किंवा शुगर असेल तर विम्यात आधीपासूनच्या आजारांचं कलम काय म्हणतं ते ओळ न ओळ वाचा. स्वस्त पॉलिसी तिथेच हात वर करते.

आईवडिलांना पीआर मिळवून देणारी स्पॉन्सरशिपही आहे. तिथे तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, ऑन्टारिओत वीस वर्षांची आर्थिक जबाबदारी लिहून घेतात, आणि २०२५ पर्यंत सरकार २०२० साली नाव नोंदवलेल्यांमधूनच बोलावत आलंय. ती मिळाली तरी वृद्धापकाळाची पेन्शन सुरू व्हायला इथे किमान दहा वर्षं राहिलेलं असावं लागतं. तेव्हा आईंच्या नावावर काही मिळेल हा विचार बाजूला ठेवा. त्यांना आणायचं असेल तर नातवंडांसाठी आणि तुमच्या खर्चाने आणा, पण तुमची घडी बसल्यावर. पहिल्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये, गाडी नसताना, दिवसभर एकट्याने बसणं साठीच्या बाईला सोसत नाही, हे मी कामामुळे फार जवळून बघते.

मला विचाराल तर कागदांची मुदत परवानगी देत असेल तर दोन फेऱ्या टाळा आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये एकदाच या. इथली शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीनंतर सुरू होते, पुण्यातलं वर्ष तोवर संपलेलं असतं, आणि बाहेर घर शोधत फिरता येईल अशी हवा असते. पण हे तुमच्या पीआरच्या कागदावर काय तारीख छापली आहे आणि कंपनीचा नोटीस पिरियड किती आहे यावर अवलंबून आहे. त्या दोन तारखा, आणि वहिनींचं शिक्षण जीएनएम आहे की बीएस्सी, एवढं कळवा. नर्सिंगची वाट त्यावर बदलते.